विश्लेषण : ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधील फाइल ‘लॉक’ का होते? अडकलेले लॉक सोडवायचे कसे?

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्था, सीएंची कार्यालये, शाळा-महाविद्यालयांचे लेखा विभाग अशा ठिकाणी एक दृश्य हमखास दिसते. हिशेबाची एक्सेल फाइल सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये असते. सकाळी ती उघडायला गेले की ‘फाइल इन यूज’ असा संदेश येतो. ज्याच्या नावाने फाइल उघडी असल्याचे संगणक सांगतो, तो कर्मचारी आदल्या संध्याकाळीच घरी गेलेला असतो. कधी कधी तर संदेशात उघडणाऱ्याचे स्वत:चेच नाव दिसते. काम थांबवता येत नाही म्हणून कोणीतरी फाइलची प्रत काढून तिच्यात नोंदी सुरू करतो. तासाभराने मूळ फाइल मोकळी होते आणि दुसरा सहकारी तिच्यात नोंदी करू लागतो. संध्याकाळी हाती उरतात दोन फाइल आणि दोन वेगळ्या बेरजा. एखाद्या खातेदाराने भरलेला हप्ता एकीत असतो, दुसरीत नसतो. हे लॉक कशासाठी असते, ते का अडकते आणि नोंदी न गमावता ते कसे सोडवायचे, याविषयी.

लॉक म्हणजे नेमके काय?

दोन जणांनी एकच फाइल एकाच वेळी उघडली, असे समजू. पहिल्याने दहा नोंदी वाढवून फाइल सेव्ह केली. दुसऱ्याच्या पडद्यावर अजूनही जुनीच फाइल आहे. त्याने आपल्या पाच नोंदी घालून सेव्ह केली की पहिल्याच्या दहा नोंदी पुसल्या जातात. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळा फाइल व्यवस्थित लिहिली गेलेली असते. हे टाळण्यासाठी जो आधी फाइल उघडेल त्याच्या नावाने ती धरून ठेवायची, यालाच ‘फाइल लॉक’ म्हणतात. लॉक संपूर्ण फाइलवर घेता येते किंवा तिच्या ठरावीक भागावरही घेता येते. डेटाबेससारखे प्रोग्राम दुसरी पद्धत वापरतात, म्हणजे एकाच फाइलमध्ये दोघे वेगवेगळ्या ठिकाणी लिहू शकतात.

लॉकचे दोन प्रकार आहेत. युनिक्स आणि लिनक्समध्ये लॉक साधारणपणे सामंजस्यावर चालते. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार. रुमाल पाहून इतर प्रवासी ती जागा सोडतात, म्हणून व्यवस्था चालते; कोणी रुमालाकडे न पाहताच बसला तर सीट त्याला अडवत नाही. तसेच, एखाद्या प्रोग्रामने लॉक न विचारताच फाइलमध्ये लिहायला घेतले तर यंत्रणा त्याला रोखत नाही. विंडोजचा प्रकार आरक्षित सीटसारखा आहे. फाइल उघडतानाच प्रोग्राम सांगतो, ‘मला लिहायचे आहे आणि तोवर इतरांना फक्त वाचू द्या.’ त्यानंतर दुसऱ्याने लिहायला मागितले तर यंत्रणाच नकार देते.

नेटवर्कवर गेल्यावर अडचण का वाढते?

फाइल आणि ती वापरणारा प्रोग्राम एकाच संगणकावर असतील तर लॉकची फारशी चिंता नसते. प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी ऑपरेटिंग सिस्टीमला ते तत्काळ कळते आणि ती त्याची सगळी लॉक काढून टाकते. नेटवर्कवर मात्र लॉक घेणारा एका संगणकावर असतो आणि लॉकची नोंदवही दुसऱ्या, म्हणजे सर्व्हरवर. मधला दुवा तुटला की सर्व्हरला समोरच्याचे काय झाले ते कळण्याचा मार्ग उरत नाही. लॅपटॉपचे झाकण बंद झाले, वाय-फाय गेले, वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहिले पण नेटवर्कचा स्विच बंद पडला, किंवा संगणकच कायमचा बिघडला. या सगळ्या परिस्थितींत सर्व्हरला एकच गोष्ट दिसते : समोरून उत्तर येत नाही.

आता सर्व्हरने काय करावे? लॉक लगेच काढले आणि तो कर्मचारी दोन मिनिटांत परत जोडला गेला तर दोघे एकाच फाइलमध्ये लिहू लागतील. लॉक कधीच काढले नाही तर मालक नसलेले लॉक तसेच पडून राहील आणि इतरांचे काम थांबेल. रुमाल सीटवर आहे, पण ज्याचा तो आहे तो प्रवासी मागच्या थांब्यावर उतरला की मागच्या बाकावर गप्पा मारतो आहे, हे वाहकाला कळत नाही. नेटवर्कवरील लॉकच्या बहुतेक तक्रारी या पेचातून निघतात. वेगवेगळ्या प्रणालींनी त्यावर वेगवेगळी उत्तरे शोधली. बिघाड शोधताना कोणती प्रणाली वापरात आहे हे म्हणूनच आधी माहीत असावे लागते.

एनएफएसने यावर काय उत्तर शोधले?

लिनक्स आणि युनिक्सच्या जगात सामाईक फोल्डरसाठी प्रामुख्याने एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीम वापरली जाते. ती सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये तयार केली. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी एक. एनएफएसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमागचा विचार साधा होता : सर्व्हरने कोणाचेही काही लक्षात ठेवायचे नाही. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असेल. त्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी क्लायंट, म्हणजे त्याला जोडलेले संगणक, तीच विनंती पुन्हा पाठवून काम पुढे नेतात.

लॉकचे मात्र याच्याशी जमत नाही. कोणी काय धरले आहे हे लक्षात ठेवल्याशिवाय लॉक देताच येत नाही. म्हणून आवृत्ती २ आणि ३ मध्ये लॉकसाठी वेगळी यंत्रणा जोडण्यात आली. ‘लॉकडी’ ही सेवा लॉक देते-घेते आणि ‘स्टॅटडी’ ही सेवा कोणता संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला याची वर्दी देते. क्लायंट पुन्हा सुरू झाला की त्याची स्टॅटडी सर्व्हरला कळवते आणि सर्व्हर त्याची जुनी लॉक काढतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर तो क्लायंटना कळवतो आणि ते आपापली लॉक परत मागून घेतात. यातली उणीव उघड आहे. क्लायंट बिघडला आणि पुन्हा सुरूच झाला नाही तर वर्दी कोण देणार? ते लॉक सर्व्हरवर तसेच राहते. संगणकाचे नाव बदलले किंवा सर्व्हरला ते वेगळ्या नावाने माहीत असले, तरीही वर्दी जुळत नाही आणि लॉक सुटत नाही.

आवृत्ती ४ मध्ये काय बदलले?

डिसेंबर २००० मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या आवृत्ती ४ मध्ये लॉक मूळ प्रणालीतच सामावून घेतले गेले आणि ते मुदतीवर देण्यात येऊ लागले. या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. ही कल्पना कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये शोधनिबंधातून मांडली होती. यातले चेरिटन पुढे गूगलच्या अगदी सुरुवातीच्या गुंतवणूकदारांपैकी एक म्हणून प्रसिद्ध झाले. भाडेकराराप्रमाणे लीजचेही वेळेत नूतनीकरण करावे लागते. लिनक्स सर्व्हरवर ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते. क्लायंटने तेवढ्यात ‘मी आहे’ असे कळवले नाही तर त्याचा हक्क संपतो आणि सर्व्हर ते लॉक दुसऱ्याला देऊ शकतो. लिनक्सच्या ५.१९ या आवृत्तीपासून सर्व्हर थोडा उदार झाला आहे. मुदत संपली तरी दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली नसेल तर तो जुने लॉक २४ तासांपर्यंत राखून ठेवतो.

याचे दोन परिणाम कार्यालयात जाणवतात. पहिला, सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर पहिली दीड-दोन मिनिटे नवे लॉक मिळत नाही. जुन्या क्लायंटना आपली लॉक परत मागण्यासाठी ही सवलतीची वेळ असते. अनेकदा या दोन मिनिटांत ‘अजून चालत नाही’ म्हणून सर्व्हर पुन्हा बंद-चालू केला जातो आणि सवलतीची वेळ पहिल्यापासून मोजली जाते. दुसरा, नेटवर्क काही मिनिटे तुटले आणि दरम्यान लॉक दुसऱ्याकडे गेले, तर परतलेला क्लायंट त्या फाइलमध्ये पूर्वीसारखे लिहू शकत नाही. लिनक्स अशा वेळी वाचण्या-लिहिण्याला थेट नकार देते. वापरकर्त्याला हा बिघाड वाटतो, पण फाइलमध्ये दोघांच्या नोंदींची सरमिसळ होऊ नये म्हणून केलेली ती तजवीज असते.

विंडोजच्या शेअर्ड फोल्डरचे काय?

बहुतेक कार्यालयांतील सामाईक फोल्डर एसएमबी या प्रणालीवर चालतात. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. लिनक्स सर्व्हरवर किंवा नेटवर्क स्टोअरेजच्या छोट्या खोक्यांवरही सहसा तीच, ‘सांबा’ या सॉफ्टवेअरच्या मार्गाने चालते. यात फाइल कोणी उघडली, कशासाठी उघडली आणि इतरांना काय करू दिले, याची नोंद सर्व्हर ठेवतो.

वेग वाढवण्यासाठी एसएमबीत आणखी एक सोय आहे. फाइल एकच जण वापरत असेल तर सर्व्हर त्याला ‘बदल तुझ्याच संगणकावर साठव, सतत मला विचारू नकोस’ अशी मुभा देतो. तिला ‘ऑपलॉक’ म्हणतात. दुसऱ्याने तीच फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला ‘मुभा संपली, साठवलेले बदल पाठव’ असे कळवतो. पहिला संगणक मंद वाय-फायवर असेल किंवा झोपी गेलेला असेल तर उत्तर येत नाही आणि सर्व्हर सुमारे अर्धा मिनिट वाट पाहतो. एखादी फाइल कधी लगेच उघडते आणि कधी अर्धा मिनिट पडदा गोठून राहतो, याचे हे एक नेहमीचे कारण आहे. अशा वेळी सर्व्हरऐवजी ज्याने फाइल आधी उघडली आहे त्याचे नेटवर्क तपासावे.

याशिवाय वर्ड आणि एक्सेल स्वत:ची एक लपलेली छोटी फाइल त्याच फोल्डरमध्ये तयार करतात. तिचे नाव ‘~$’ या चिन्हांनी सुरू होते आणि तिच्यात फाइल उघडणाऱ्याचे नाव असते. लिबरऑफिसही अशीच फाइल बनवते. प्रोग्राम नीट बंद झाला की ती पुसली जाते. मध्येच वीज गेली किंवा एक्सेल अचानक बंद पडले, तर ती मागे राहू शकते आणि पुढच्याला जुन्याच माणसाचे नाव दिसते. म्हणजे ‘फाइल लॉक आहे’ या एका संदेशामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात : सर्व्हरवरचे खरे लॉक किंवा मागे राहिलेली ही चिठ्ठी.

अडकलेले लॉक शोधायचे कसे?

पहिला प्रश्न व्याप्तीचा. एकच फाइल अडली आहे की फोल्डरमधील सगळ्या? एकाच संगणकावर की सगळीकडे? एकच फाइल आणि सगळीकडे अडचण असेल तर बहुधा कोणीतरी ती खरोखर धरून आहे. एकाच संगणकावर सगळ्या फाइल अडत असतील तर दोष त्या संगणकाच्या जोडणीत आहे. सगळ्या संगणकांवर सगळ्या फाइल अडत असतील तर सर्व्हर, त्याची लॉक सेवा किंवा फायरवॉल तपासावी.

दुसरी पायरी फोनची. संदेशात नाव असेल तर त्या व्यक्तीला विचारावे. ‘मी तर फाइल बंद केली’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नसते. खिडकी बंद होऊनही एक्सेल पार्श्वभूमीवर चालू राहिलेले असू शकते, ते टास्क मॅनेजरमध्ये दिसते. फाइल एक्सप्लोररमधील ‘प्रिव्ह्यू पेन’ चालू असेल तर फाइल न उघडता नुसती निवडल्यानेही ती काही काळ धरली जाते. बॅकअप किंवा अँटिव्हायरस सॉफ्टवेअर त्या वेळी फाइल वाचत असण्याचीही शक्यता असते. रोज ठरावीक वेळेलाच अडचण येत असेल तर आधी बॅकअपचे वेळापत्रक पाहावे.

तिसरी पायरी सर्व्हरवर. विंडोज सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’ येथे कोणती फाइल कोणाच्या नावाने उघडी आहे ते दिसते. त्याच्याच वरच्या ‘सेशन्स’ या यादीत कोणत्या संगणकावरून जोडणी आहे आणि ती किती वेळ निष्क्रिय आहे हे कळते. सांबा असेल तर ‘एसएमबीस्टेटस’ ही आज्ञा हीच माहिती देते. या यादीत फाइल अजिबात दिसत नसेल तर सर्व्हरवर लॉक नाही. दोष मागे राहिलेल्या ‘~$’ फाइलचा असण्याची शक्यता मोठी. फाइल कोणाकडेही उघडी नाही याची खात्री करून ती लपलेली फाइल काढून टाकता येते.

यादीत फाइल दिसत असेल तर चौथी पायरी येते आणि खरी काळजी इथेच घ्यावी लागते. ज्या संगणकाच्या नावाने लॉक आहे तो चालू आहे का, नेटवर्कवर उत्तर देतो का, त्यावर कोणी काम करत आहे का, हे पाहावे. तो बंद पडला आहे किंवा जोडणी मृत आहे याची खात्री झाल्यावरच सर्व्हरवरून ती एक नोंद बंद करावी. चालू संगणकाची नोंद जबरदस्तीने बंद केली तर त्या व्यक्तीचे सेव्ह न झालेले काम जाऊ शकते. सर्व्हरच बंद-चालू करणे हा तर सर्वांत महागडा उपाय. एका फाइलसाठी त्यात सगळ्यांच्या उघड्या फाइल पणाला लागतात.

एनएफएस वापरणाऱ्यांनी काय तपासावे?

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, संशोधन संस्था आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत एनएफएस सर्रास वापरली जाते. तिथे लॉकच्या तक्रारी तीन रूपांत येतात.

पहिले रूप म्हणजे ‘नो लॉक्स अव्हेलेबल’ हा संदेश. फाइल वाचता येतात, लिहिता येतात, फक्त लॉक मिळत नाही. आवृत्ती ३ मध्ये लॉकची सेवा वेगळ्या पोर्टवर चालते आणि तो पोर्ट मुळात निश्चित नसतो. फायरवॉलमध्ये फक्त एनएफएसचा २०४९ हा पोर्ट उघडला असेल तर फाइल पोहोचतात, लॉकची मागणी पोहोचत नाही. १११ क्रमांकाचा पोर्ट आणि लॉकडी व स्टॅटडी यांचे पोर्ट निश्चित करून उघडणे हा एक मार्ग. आवृत्ती ४ वर जाणे हा सोपा मार्ग, कारण तिथे नेहमीचे सगळे काम २०४९ या एकाच पोर्टवर चालते. स्टॅटडी सेवा सुरूच न होणे, हेही या संदेशाचे नेहमीचे कारण.

दुसरे रूप म्हणजे प्रोग्राम काही न बोलता थांबून राहणे. कर्नलच्या नोंदींत ‘लॉकडी : सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग’ अशा अर्थाची ओळ दिसते. येथे सर्व्हरची लॉक सेवा, दोन्ही बाजूंची नावे आणि फायरवॉल पाहावी लागते. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे लॉक सर्व्हरला दिसणे आणि आज्ञा क्लायंटवर चालवणे यांत फरक आहे. ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ या आज्ञा फक्त त्याच संगणकावरील प्रोग्राम दाखवतात. दुसऱ्या संगणकाने धरलेली फाइल त्यांना दिसत नाही. त्यामुळे ‘कोणीच धरलेली नाही’ हा त्यांचा निर्वाळा नेटवर्कपुरता अपुरा असतो.

तिसरे रूप फोल्डर पुसताना दिसते. फोल्डर रिकामा दिसतो, तरी ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणत पुसला जात नाही. आत ‘.एनएफएस’ने सुरू होणारी आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरे असलेली लपलेली फाइल असते. उघडी असलेली फाइल कोणी पुसली तर एनएफएस क्लायंट ती प्रत्यक्ष न पुसता तिचे नाव बदलून ठेवतो, म्हणजे ती वापरणारा प्रोग्राम अडणार नाही. तो प्रोग्राम बंद केला की ही फाइल आपोआप जाते.

घाईतले उपाय धोक्याचे का?

सर्वांत धोक्याचा उपाय ‘नोलॉक’ या पर्यायाचा. एनएफएस फोल्डर जोडताना तो दिला की लॉकची मागणी सर्व्हरपर्यंत जातच नाही, ती त्याच संगणकावर मान्य होते. संदेश थांबतो, प्रोग्राम चालू लागतो, तक्रार मिटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक संगणक स्वत:लाच परवानगी देत असतो आणि दोन संगणक एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहू शकतात. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. आठवड्यांनंतर बेरीज जुळत नाही तेव्हा दिसते आणि तोवर बॅकअपमध्येही बिघडलेलीच फाइल गेलेली असते. जो फोल्डर फक्त एकच संगणक वापरतो, तिथेच हा पर्याय निर्धोक म्हणता येईल.

लॉक खरोखर लागू आहे का, याची चाचणी पाच मिनिटांत होते. एका लिनक्स संगणकावर ‘फ्लॉक’ ही आज्ञा वापरून सामाईक फोल्डरमधील एका रिकाम्या चाचणी फाइलवर लॉक घ्यावे आणि मिनिटभर धरून ठेवावे. तेवढ्यात दुसऱ्या संगणकावरून त्याच फाइलवर, वाट न पाहता, लॉक मागावे. दुसऱ्याला नकार मिळाला तर व्यवस्था नीट आहे. दोघांनाही होकार मिळाला तर लॉक केवळ नावापुरते आहे. लिनक्सच्या २.६.११ पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘फ्लॉक’ने घेतलेले लॉक एनएफएसवर मुळातच लागू होत नसे, २.६.१२ पासून ते सर्व्हरपर्यंत पोहोचू लागले. जुन्या उपकरणांवर म्हणूनच ही चाचणी अधिक गरजेची.

एकच फोल्डर विंडोजवाल्यांना एसएमबीने आणि लिनक्सवाल्यांना एनएफएसने दिला असेल तरीही सावध राहावे. एका वाटेने घेतलेले लॉक दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला दिसेलच असे नाही.

कोणत्या फाइल अशा फोल्डरवर ठेवू नयेत?

डेटाबेसच्या फाइल. स्मार्टफोनमधील असंख्य अ‍ॅप आपली माहिती ‘एसक्यूलाइट’ या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. एकाच उपकरणावर तो अतिशय भरवशाचा आहे. पण अनेक संगणकांनी नेटवर्कवरून त्याची फाइल थेट उघडण्याविरुद्ध त्याच्या अधिकृत दस्तऐवजांतच इशारा दिलेला आहे, कारण नेटवर्कवरील लॉकवर पूर्ण विसंबता येत नाही. त्याची ‘वॉल’ नावाची वेगवान पद्धत तर सगळे प्रोग्राम एकाच संगणकावर असतील तरच चालते. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची फाइल अनेकांना मिळून वापरता येते. ती कोणी उघडली आहे हे शेजारी तयार होणाऱ्या लॉक फाइलमध्ये नोंदले जाते. पण डळमळीत वाय-फायवरून ती वापरली तर मध्येच जोडणी तुटून फाइल बिघडण्याचा धोका राहतो.

अशा ठिकाणी स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर वापरावा. त्यात फाइलला हात लावणारा एकच, तो म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम. बाकीचे त्याला विनंती करतात. काही वेळा लॉकची गरजच टाळता येते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी ई-मेल साठवण्यासाठी आखलेली ‘मेलडिर’ ही रचना त्याचे उदाहरण. तिच्यात प्रत्येक पत्र वेगळ्या नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये जाते, त्यामुळे दोघांनी एकाच फाइलवर हक्क सांगण्याची वेळ येत नाही. कार्यालयातही प्रत्येक शाखेची वेगळी फाइल आणि शेवटी एकत्रीकरण, अशी रचना बऱ्याच तक्रारी मिटवते.

ऑनलाइन शीटमध्ये अनेक जण एकाच वेळी लिहू शकतात, कारण तिथे फाइल न धरता प्रत्येक बदल सर्व्हरवर नोंदवला जातो. मात्र केवळ ‘सिंक’ होणारे फोल्डर याहून वेगळे. त्यांत साधारणपणे प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रत असते आणि दोघांनी बदल केले तर दुसरी ‘कॉन्फ्लिक्ट’ प्रत तयार होते. ती उघडून जुळवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?

उपाय फारसे खर्चिक नाहीत. संगणकांबरोबर नेटवर्कचा स्विच आणि राऊटरही यूपीएसवर घ्यावा. हिशेबाच्या फाइलवर काम करणारे संगणक शक्यतो वायरने जोडावेत. घरी जाताना फाइल बंद करून मगच लॅपटॉप मिटावा. सामाईक फोल्डरसाठी ‘प्रिव्ह्यू पेन’ बंद ठेवावा. बॅकअपची वेळ कामाच्या वेळेबाहेर ठेवावी. एनएफएस असेल तर आवृत्ती ४ वापरावी आणि जुन्या सेटिंगमध्ये कुठे ‘नोलॉक’ राहून गेले आहे का, ते एकदा पाहावे.

त्यातूनही फाइल अडली आणि प्रत काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर प्रतीच्या नावात तारीख, वेळ आणि स्वत:चे नाव घालावे, सहकाऱ्यांना कळवावे आणि मूळ फाइल मोकळी झाल्यावर तिच्यात कोणी लिहिण्याआधी दोन्ही जुळवाव्यात. लॉक कोणाच्या नावाने आहे, कधीपासून होते आणि कसे सुटले, याची एका वहीत नोंद ठेवावी. चार-पाच नोंदी झाल्या की तोच संगणक, तीच वेळ किंवा तेच वाय-फाय पुन्हा पुन्हा दिसू लागते आणि पुढच्या मार्चअखेरीपूर्वी नेमके काय दुरुस्त करायचे ते ठरवता येते.